पोरगी अजून किती वाढेल?

"सोलापुरात हॉकी खेळतात?" असं बाहेरगावच्या पाहुण्यांनी मला इतक्या वेळा विचारलंय, की आता मी नुसतं "खेळतात की" म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. चादर, शेंगाचटणी आणि ऊन एवढ्यावरच आमचं गाव ओळखणाऱ्या माणसाला आणखी काय समजावणार?

शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं जिल्ह्याच्या मुलींच्या हॉकी निवड समितीवर होते. समिती म्हटलं की लोकांना टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि गळ्यात ओळखपत्रं दिसतात. आमची समिती म्हणजे मी, येमुल सर आणि एक छत्री. छत्री समितीतली सर्वांत उपयोगी सभासद होती, कारण तिच्यावरून आमचा कधी वाद झाला नाही.

येमुल सर तेलुगू विणकरांच्या घरातले, बँकेत कॅशियर. तरुणपणी गोलकीपर होते. गोलकीपरचा स्वभाव त्यांच्या अंगात मुरला होता. बॉल आत्ता येतोय, तो आत्ता अडवायचा, पुढच्या वर्षीचा बॉल पुढच्या वर्षी. त्यामुळे ते मुलीचा आजचा खेळ बघायचे आणि मी तिचा पाच वर्षांनंतरचा. दोघांची तोंडं एकाच मैदानाकडे, पण आम्ही बघायचो दोन वेगळे सामने.

बाहेरच्यांना वाटतं, चांगली खेळते ती घ्यायची, त्यात काय एवढं? पण बारा-तेरा वर्षांच्या मुलींमध्ये कोण चांगली खेळते हे बहुधा कोण लवकर वाढली यावर ठरतं. जी लवकर अंगाने भरली ती बाकीच्यांना ढकलून गोल करते. दोन वर्षांनी बाकीच्या वाढतात आणि ही तिथेच राहते. आमच्या गल्लीत एक मुलगी सातवीत सगळ्यांत उंच होती आणि दहावीत सगळ्यांत बुटकी. ती काही कमी झाली नव्हती. शिवाय वय नक्की किती, हेही धड कळायचं नाही. खेड्यांतल्या बहुतेक मुलींचा वाढदिवस एक जूनला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलेलं.

मग भविष्य कसं बघायचं? माझी पद्धत साधी होती. मुलीला एक नवी गोष्ट दाखवायची, म्हणजे उदाहरणार्थ बॉल अडवताना डावा हात थोडा पुढे. मग तिला विसरून जायचं. थोड्या वेळाने बघायचं, ती गोष्ट तिच्या खेळात आली का. आणि चुकल्यावर ती काय करते तेही बघायचं. काही मुली आकाशाकडे बघतात, काही मैत्रिणीकडे, काही मैदानातला खडा शोधतात. एखादीच पुन्हा बॉलकडे बघते.

आईवडलांच्या पद्धती वेगळ्या. एका वडलांनी मुलीची पत्रिकाच आणली होती. परदेशगमनाचा योग आहे, तेव्हा संघात घेणं तुमचं कामच आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसरे एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मुलगी डावखुरी आहे, बाई. क्रिकेटमध्ये डावखुऱ्यांना केवढा मान असतो." मी त्यांना सांगितलं, हॉकीत डाव्या हाताची स्टिक नसतेच, सगळ्यांना उजव्याच स्टिकने खेळावं लागतं. ते म्हणाले, "मग ती एवढी वर्षं खेळतीय कशानं?" तिलाच विचारलं. ती उजव्याच स्टिकने खेळत होती आणि घरी कोणी विचारलं नव्हतं.

तर, त्या वर्षी निवासी प्रशिक्षण केंद्रासाठी आमच्या जिल्ह्यातून चौदा वर्षांखालच्या एकाच मुलीचं नाव पाठवायचं होतं. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथेच. चाचण्या होऊन दोन मुली उरल्या.

आफ्रीन शहरातली, बारा वर्षांची. वडील टेम्पो चालवायचे. मुलगी बुटकी, काटक, आणि स्टिकला बॉल शिवून ठेवल्यासारखी खेळायची. लहानपणापासून भावांबरोबर गल्लीत खेळलेली. रेणुका मंद्रूपची. तिच्या शाळेत काही महिन्यांपूर्वीच स्टिक्स आल्या होत्या, त्याआधी तिने हॉकी पाहिलीसुद्धा नव्हती. उंच, हातपाय लांब, आणि ते चारही एकमेकांना न विचारता हलायचे. पण मी तिला दाखवलेली प्रत्येक गोष्ट थोड्या वेळाने तिच्या खेळात दिसायची. वाकडीतिकडी का होईना, दिसायची.

"आफ्रीन," येमुल सर म्हणाले.

"रेणुका," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही तिची उंची बघताय. ती आता वाढायची थांबली असेल तर? मग ना खेळ, ना उंची."

मुद्दा बरोबर होता. मुलगी किती वाढेल हे तिच्या घरच्यांकडे बघून थोडंफार कळतं. आम्ही रेणुकाला विचारलं, "आई किती उंच आहे गं?"

तिने विचार केला. "आई सारखी बसूनच काम करती. उभी म्हनून कधी नीट बघितली न्हाय."

"आणि थोरली बहीण?"

"ती दारातनं वाकून येती की."

"बघा!" मी म्हणाले.

"दार केवढं आहे?" सरांनी विचारलं.

"त्यातनं मी बी वाकूनच येती. शेळीबी वाकती."

शेवटी ठरलं, रविवारी मंद्रूपला जाऊन प्रत्यक्षच बघायचं. रेणुकाला म्हटलं, घरी सांगून ठेव, रविवारी आम्ही येतोय.

मैदानावर मी ट्रॅकसूटमध्ये असायचे, पण कोणाच्या घरी जायचं म्हणून त्या दिवशी चांगली साडी नेसले. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही गेलो. सरांच्या खिशात त्यांच्या बायकोची शिवणाची टेप होती.

अंगण झाडून, सडा घालून चकचकीत केलेलं. रांगोळी. ओसरीवर सतरंजी. रेणुकाचे वडील, आप्पा, धुतलेला शर्ट घालून दारातच उभे होते.

"या, या की! वाटच बघत हुतो. जीपनं येनार म्हनले हुते, स्कूटरवर आलासा?"

"स्कूटरच बरी पडते," सर म्हणाले.

"साधी मानसं हायती," आप्पा आत तोंड करून हळूच म्हणाले. मग मला म्हणाले, "वहिनी, तुमी हितं टेका."

खेड्यात माणसं मोकळेपणाने बोलतात, म्हणून मी वहिनी मनावर घेतलं नाही. पोहे आले, वर खोबरं आणि कोथिंबीर. येमुल सर खूश झाले. आमच्या निवड समितीला इतक्या मानाने कोणी वागवलं नव्हतं. मला वाटलं, रेणुकाने घरी आपलं काम फार चांगलं समजावलेलं दिसतंय.

"मुलगी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"येती, येती. ए, सुवर्णाला धाडा!"

आतून साडीतली एक तरुण मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. थोरली बहीण. दारातून खरंच वाकून आली आणि सरळ झाली तेव्हा मी सरांना कोपराने ढोसलं. चांगली उंच होती.

"आधी थोरलीच दाखवली, बरं झालं," सर माझ्या कानात म्हणाले. "हिची वाढ पूर्ण झालेली असणार."

"बाळ, उभी राहा बघू," सर मोठ्याने म्हणाले. "सरळ. भिंतीला टेकून. आता जरा चाल."

सुवर्णा चालली.

"वय?"

"बावीस सरून तेविसावं," आप्पा म्हणाले.

"म्हणजे वाढ थांबली."

"थांबली की! आता कशाला वाढतीय?" आप्पा घाईने म्हणाले.

सरांनी टेप काढली, तिची उंची घेतली, मग मनगट मोजलं. आप्पा बघत राहिले. "लई बारीक चौकशी हाय तुमची."

"करावी लागते. आईलाही बोलवा."

"आईला? कशापायी?"

"आई केवढी आहे त्यावर सगळं असतं."

रेणुकाची आई पदर सावरत आली. तिलाही भिंतीला उभं करून मोजलं. ती माझ्याहून हातभर उंच निघाली. मी खूश झाले. सर विचारात पडले, आणि विचारात पडले की ते बोलत सुटतात.

"आता असं आहे," ते आप्पांना म्हणाले, "एकदा नेली की पोरगी पाच वर्षं तिकडेच राहणार. सणावाराला घरी येईल."

"व्हय, ते रीतीपरमानंच."

"चांगली निघाली तर पुढे पाठवू. नाही निघाली तर परत घरी."

आप्पांची कपबशी हातात थांबली. "परत घरी?"

"हो. बऱ्याच जणी परत येतात. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि खर्च सगळा सरकारचा."

"म्हंजे सामुदायिकमधी का?"

"हो, सगळ्या मुली एकत्रच," सर म्हणाले. "अजून पक्कं नाही हं. शहरातली एक मुलगी आम्ही बघून ठेवलीय. खरं सांगायचं तर आज ती सरस आहे."

"एकाच येळेला दोन ठिकानी बघताय?" आप्पांचा आवाज चढला.

"दोन कुठे? साठ-सत्तर बघितल्या! त्यातून या दोन काढल्या," मी समजूत घालायला म्हणाले. "आणि मला विचाराल तर तुमची धाकटीच पसंत आहे."

"धाकटी?" आप्पा उभे राहिले. "धाकटीला मी मुद्दाम रानात धाडलंय! तेरा वर्साची पोर हाय ती!"

"तेच तर चांगलं आहे," सर शांतपणे म्हणाले. "चौदाच्या आतलीच पाहिजे. नियमच आहे तसा."

आप्पांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

त्या क्षणी येमुल सरांनी जी हालचाल केली, तशी चपळाई मी त्यांच्यात पूर्वी कधी पाहिली नव्हती. माणूस खरोखर गोलकीपर असावा, असं मला पहिल्यांदाच पटलं. ते सतरंजीवरून उडी मारून खांबाआड गेले आणि त्या झटक्यात त्यांच्या खिशातली शिट्टी खाली पडली. सुवर्णाने शिट्टीकडे बघितलं, टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडात धरून मटकन खालीच बसली. तिला हसू आवरेना.

"आप्पा, थांबा! रेणीच्या हाकीची मानसं हायती ही!"

सगळं उलगडायला थोडा वेळ लागला. सुवर्णाला बघायला केम गावची मंडळी यायची होती, मुलगा आणि त्याचे काका-आत्या. रेणुका आप्पांना म्हणाली होती, रविवारी पाहुणे येणार आहेत. आप्पा म्हणाले होते, माहिती हाय मला. आणि थोरलीला बघायला येणारे लोक धाकटीवर नजर ठेवतात, म्हणून तिला सकाळीच रानात पाठवलं होतं.

आप्पांनी काठी ठेवली, कपाळावर हात मारून घेतला, आणि तेवढ्यात दारात जीप थांबली.

"पोहे!" रेणुकाची आई म्हणाली आणि आत पळाली. पोहे आम्ही खाल्ले होते. येमुल सरांनी तर दुसऱ्यांदा घेतले होते.

आम्ही उठून निघालो, पण दारातून बाहेर पडायची वाट आत येणाऱ्या पाहुण्यांनी अडवली होती. आप्पांनी आमची ओळख "शाळंतली मानसं" अशी करून दिली आणि आम्ही सतरंजीच्या टोकाला गुपचूप बसलो. मुलगा चांगला होता. हसरा चेहरा, केममध्ये खताचं दुकान. पण सुवर्णा ट्रे घेऊन आली, त्याच्यासमोर सरळ उभी राहिली आणि ओसरी शांत झाली. तो तिच्या कानापर्यंत लागत होता.

"मुलगी जरा जास्तच उंच वाटते," आत्या म्हणाल्या.

येमुल सरांना शांतता सहन होत नाही. बँकेतली सवय असेल. ते पुढे झुकून म्हणाले, "मुलाचं वय काय?"

"सत्तावीस," काका म्हणाले.

"मग आता नाही वाढायचा तो," सर म्हणाले.

मंडळी "कळवतो" म्हणून लवकर गेली. आप्पा आमच्याकडे बघत होते. काठी पुन्हा उचलली नाही, हेच पुष्कळ. एवढ्यात रेणुका डोक्यावर हिरव्या कडवळाचा, गुरांच्या चाऱ्याचा भारा घेऊन अंगणात आली, आम्हाला बघून हसली आणि म्हणाली, "आलासा का? मोजलं का आईला?"

"रेणीला मी कुटं धाडनार न्हाय," आप्पा म्हणाले. "थोरलीचं ह्या मानसांनी मोडलं."

तेव्हा रेणुकाची आई पहिल्यांदा नीट बोलली. ती मला म्हणाली, "बाई, ती मानसं माझी पोरगी वाढली म्हनून नाराज. तुमी माझी पोरगी वाढंल म्हनून खूश. माझ्या पोरी काय रानात वाढनारं जोंधळ्याचं ताट हायती का? मला एकच सांगा. ही तितं गेली आन वाढलीच न्हाय, तर तुमी तिला काय म्हननार?"

एवढ्या वर्षांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. केंद्रावरून परत आलेल्या कितीतरी मुली माझ्या डोळ्यांपुढे होत्या. "क्षमता कमी" असा एक शिक्का मारून आम्ही मोकळे होतो आणि मुलगी तो शिक्का घेऊन घरी जाते. मी म्हणाले, "मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं. पण ती शिकते, एवढं मी बघितलंय. ते उंचीवर नसतं."

"मग टेप कशापायी आनली?"

येमुल सरांनी टेप खिशात घातली.

रेणुकाची आई आप्पांना म्हणाली, "पोरीला इचारा." रेणुकाने भारा खाली टाकला आणि म्हणाली, "मी जानार." आप्पांनी तोंड फिरवलं, पण नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही मुलींना समोरासमोर खेळवलं. आफ्रीनने बॉल घेऊन जायचं, रेणुकाने काढून घ्यायचा. आफ्रीन तिला चुकवून डावीकडून गेली, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. येमुल सर माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. पुढच्या वेळी आफ्रीन डावीकडे वळणार एवढ्यात रेणुकाने आधीच स्टिक टाकली आणि बॉल काढून घेतला. पुढच्या वेळीही.

आफ्रीन थांबली. "तेरे को कैसा मालूम पडा?"

"तू डावीकडं जायच्या आधी जीभ भाईर काढतीस," रेणुका म्हणाली.

आम्ही आफ्रीनला इतके दिवस बघत होतो. आम्हाला जीभ दिसली नव्हती.

आफ्रीनने दात आवळून बॉल घेतला, जीभ आत ठेवली आणि सुरेख निसटली. मग परत आली, चांगली लांब जीभ बाहेर काढली आणि उजवीकडून गेली. रेणुका डावीकडे तोंडावर पडली. पडल्या पडल्या हसायला लागली. आफ्रीनही हसत खाली बसली. येमुल सर छत्रीच्या दांड्यावर हनुवटी ठेवून म्हणाले, "बाई, आता मला काहीच सांगता येत नाही."

मलाही येत नव्हतं. पण नाव एकच पाठवायचं होतं. थोड्या महिन्यांत एवढं पाहायला शिकलेली मुलगी पुढे काय पाहील, या हिशेबाने आम्ही रेणुकाचं नाव दिलं. आफ्रीनचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "कोई बात नहीं बाई, पुढच्या साली आणतो परत." आफ्रीनने मात्र मला सरळ विचारलं, "मी उंच झाले तर घ्याल?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या सामन्याविषयी काहीतरी बोलत राहिले. ते मला अजून टोचतं.

रेणुका जून महिन्यात केंद्रात गेली. इकडे केमचा मुलगा काका-आत्यांना न घेता एकटाच मोटरसायकलवरून मंद्रूपला आला. आप्पांसमोर बसून म्हणाला, "उंचीचं आत्याला वाटतं, मला न्हाय. दुकानात वरच्या फळीवरची पोती मला स्टूल घेऊन काढावी लागत्यात." सुवर्णा आतून ऐकत होती. तिने आईला सांगितलं, ह्यालाच होकार कळवा. स्वतःच्या तोंडाने आपली उंची सांगणारा माणूस तिला आवडला म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. आप्पांनी आम्हाला पत्रिका स्वतः आणून दिली. सरांना म्हणाले, "या नक्की. पर कुनाला काय मोजू नका." रेणुका सुट्टीवर आली होती आणि तिने आफ्रीनला आग्रहाने बोलावलं होतं. दोघी वर्षभर फोनवर बोलत होत्या, हे आम्हाला मांडवातच कळलं. केंद्राची निवड पुन्हा झाली होती आणि त्या वर्षी आम्ही आफ्रीनचं नाव, एकदाही न भांडता, पाठवलं होतं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि फोटोसाठी मंडळी जमली. नवरा-नवरी मध्ये. सुवर्णाने चपला काढून ठेवल्या होत्या आणि नवरदेव म्हणत होता, "घाल की, फुफाट्यात पाय भाजतील."

फोटोवाला अक्कलकोटचा, तरुण आणि घाईतला. तो ओरडत होता, "उंच मागं, बुटके पुढं! लवकर, लवकर!" रेणुका आयुष्यभर सवय असल्याप्रमाणे मागच्या ओळीत जाऊन उभी राहिली. आफ्रीन पुढे.

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि काढला. "ए, निळा ड्रेस, तू पुढं ये. दिसत न्हाईस. आणि तू, पिवळी ओढणी, तू मागं जा. नवरीचं तोंड झाकतीस."

निळा ड्रेस रेणुकाचा होता. वर्षभरात ती बोटभरही वाढली नव्हती. आफ्रीन वीतभर वाढली होती आणि ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही तिला दर आठवड्याला बघत होतो. दोघींनी जागा बदलल्या. बदलताना आफ्रीनने रेणुकाच्या डोक्यावर टपली मारली, रेणुकाने तिला कोपर मारलं, आणि दोघी दात काढून कॅमेऱ्याकडे बघायला लागल्या. रेणुकाची आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न नव्हता, थोडं हसू होतं.

येमुल सर आणि मी कडेला उभे होतो. मागच्या ओळीत जावं की पुढच्या, आमचं ठरेना.

"ओ काका, ओ मावशी," फोटोवाला वैतागून म्हणाला, "तुमी दोगं खाली बसा बघू."

आम्ही मुकाट्याने खाली बसलो.